बिननोटिशीचं कलम

मुंबई महापालिकेच्या कायद्याचं पुस्तक जाडजूड आहे, पण वॉर्ड ऑफिसातल्या कारकुनाचं काम आठ-दहा कलमांवर भागतं. ३५१ म्हणजे परवानगीशिवाय उठवलेलं बांधकाम. ३५४अ म्हणजे चालू काम ताबडतोब थांबवा. ३५४ म्हणजे पडायला आलेली इमारत. ३९४ म्हणजे परवान्याशिवाय चालवलेला धंदा. ही कलमं मी इतकी टाईप केली की कागद न बघता बोटं चालायची. ३१४ खाली मात्र एकही नोटीस टाईप केली नाही, कारण त्या कलमाला नोटीस लागतच नाही. रस्त्यावर किंवा फुटपाथवर काही उभारलेलं, ठेवलेलं किंवा परवान्याशिवाय विकायला मांडलेलं असेल, तर आयुक्त ते ‘नोटीस न देता’ हटवू शकतात.

काउंटरवर येणारा माणूस एकच प्रश्न विचारायचा, “साहेब, याच्यावर अपील कुठे करायचं?” साहेब म्हणण्यासारखे आम्ही नव्हतो, पण नोटीस हातात पडलेल्या माणसाला काउंटरपलीकडचा कोणीही साहेबच वाटतो. उत्तर कलमावर ठरायचं. घरपट्टी जास्त लावली असेल तर धोबीतलावच्या स्मॉल कॉजेस कोर्टात. पालिकेच्या मालकीच्या जागेतून निघायचा हुकूम असेल तर सिटी सिव्हिल कोर्टाच्या मुख्य न्यायाधीशांपुढे. नगररचनेच्या कायद्याखाली परवानगी नाकारली असेल तर मंत्रालयात. पोटमाळा वाढवल्याची ३५१ ची नोटीस असेल तर आधी आमच्याकडेच लेखी खुलासा आणि तो फेटाळला की वकील गाठा. आणि ३१४ असेल तर? तेव्हा आम्ही खिडकीबाहेर बघायचो. पुढे बदली होऊन विधी खात्यात गेलो आणि जुन्या फायली, जुने निकाल चाळायची सवय लागली, तेव्हा कळलं की कोणाला अपील आहे आणि कोणाला नाही, याची वाटणी आमच्या जन्माच्या फार आधी होऊन गेली होती.

त्या वाचनातला सगळ्यात जुना खटला मुंबईतला नाही, लंडनचा आहे. तिथे १८५५ च्या कायद्याने वस्त्यावस्त्यांची स्थानिक मंडळं स्थापन झाली. घराचा पाया घालण्याआधी सात दिवस मंडळाला कळवायचं, न कळवता बांधलं तर मंडळाला ते पाडता येईल, असा त्यात नियम होता. सात दिवस कशासाठी, तर सांडपाण्याची व्यवस्था आधी बघता यावी म्हणून. वाँड्सवर्थ भागात कूपर नावाच्या माणसाने घर बांधायला घेतलं. दुसऱ्या मजल्यापर्यंत काम आलं होतं. मंडळाची माणसं संध्याकाळी उशिरा आली आणि घर पाडून गेली. कूपरचं म्हणणं, मी सूचना पाठवली होती. मंडळाचं म्हणणं, आम्हाला मिळाली नाही. आणि पाठवली असं धरलं तरी सात दिवस पुरे व्हायच्या आत त्याने काम सुरू केलं होतं, हे त्याने स्वतःच कबूल केलं. म्हणजे चूक कूपरचीच होती.

तरीही १८६३ साली तो जिंकला. पाडण्याआधी समोरच्याचं ऐकून घ्या, असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नव्हतं. न्यायाधीश म्हणाले, लिहिलेलं नसलं तरी ते धरूनच चालायचं. त्याला विचारलं असतं तर कदाचित सूचना वाटेत गहाळ झाली असं निघालं असतं, कदाचित सांडपाण्याची सोय उत्तम आहे आणि पाडण्यात काही अर्थ नाही असं निघालं असतं. त्याच निकालात एका जुन्या खटल्याचा आधार घेतला आहे: देवानेसुद्धा आदमला बागेतून हाकलण्याआधी, तू ते फळ खाल्लंस का, असं विचारलं होतं. देवाला उत्तर ठाऊक होतंच, तरी विचारलं. आमच्या खात्यातले एक वरिष्ठ वकील हा दाखला द्यायचे आणि वर म्हणायचे, “आणि आपला ज्युनिअर इंजिनिअर बघा, त्याला काही विचारायचीच गरज वाटत नाही!”

त्याच सुमारास मुंबईत आर्थर क्रॉफर्ड होते. १८६५ च्या कायद्याने शहराचा सगळा कारभार एका म्युनिसिपल कमिशनरच्या हाती आला आणि क्रॉफर्ड साहेबांनी तो धडाक्यात चालवला. त्यांच्या नावाची मंडई अजून उभी आहे. माणूस कर्तबगार होता यात वाद नाही, पण हात सैल होता. खर्च वाढला, कर वाढले आणि १८७१ मध्ये करदाते चिडून उठले. त्या गदारोळातून १८७२ चा कायदा आला, ६४ सभासदांचं कॉर्पोरेशन आलं आणि त्यातले निम्मे सभासद करदात्यांनी निवडायचे ठरले. फिरोजशाह मेहतांचं नाव तेव्हापासून पुढे येतं. १८८८ चा कायदा, जो आजही चालू आहे, तो घडवण्यात त्यांचा आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंगांचा मोठा वाटा होता. मेहतांचा पुतळा पालिकेच्या मुख्य इमारतीसमोर उभा आहे. बोरीबंदरहून ऑफिसला येताना तो रोज दिसायचा.

भांडण कराचं होतं, म्हणून अपीलही कराचंच आलं. कलम २१७: घराचं करपात्र मूल्य जास्त ठरवलं असेल तर स्मॉल कॉजेस कोर्टाच्या मुख्य न्यायाधीशांकडे दाद मागा. त्याआधी कमिशनरकडे तक्रार केलेली हवी, १५ दिवसांच्या आत यायला हवं आणि मागितलेला कर आधी भरलेला हवा. भरा आणि मग भांडा. अटी कडक होत्या, पण दार होतं आणि त्या दाराशी बाहेरचा, सरकारी खुर्चीवरचा न्यायाधीश बसला होता. ज्याच्या नावावर इमारत आहे, जो कर भरतो, जो मत देतो, त्याच्यासाठी कायद्याने ही सोय केली. ज्याच्याकडे यातलं काहीच नाही, त्याच्यासाठी त्याच पुस्तकात ३१४ आहे.

ही दुष्टावा म्हणून केलेली योजना होती असं मी म्हणणार नाही. रस्ता सगळ्यांचा, त्यावर कोणी लाकडं रचली, गाडी उलटी टाकून ठेवली, तर ती हलवायला कोर्टकचेरी कशाला, एवढाच साधा हिशोब असावा. फुटपाथवर माणसं संसार मांडतील आणि त्यांची मुलं तिथेच मोठी होतील, हे त्या हिशोबात नसावं.

प्लेगने या हिशोबाची पहिली परीक्षा घेतली. १८९६ च्या ऑक्टोबरात कमिशनर स्नो यांनी हुकूम काढला की पालिकेची माणसं कुठल्याही घरात शिरतील, निर्जंतुक करतील आणि रोग्याला सक्तीने इस्पितळात नेतील. अपील वगैरे काही नाही. महिना सरायच्या आत गिरणी कामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले आणि सक्ती सैल करावी लागली. ज्याला कागदावर अपील नसतं तो ते रस्त्यावर करतो. पुढच्याच वर्षी साथरोग कायदा आला आणि त्यात सद्हेतूने केलेल्या कामाबद्दल अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही असं स्वच्छ लिहून टाकलं. राहण्यास अयोग्य ठरवलेल्या खोल्यांवर ‘यू. एच. एच.’ अशी इंग्रजी अक्षरं रंगवली जायची. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि त्याने नागपाड्यापासून पाडापाडी सुरू केली. भरपाईच्या तक्रारींसाठी खास न्यायाधिकरणही होतं. पण भरपाई मागायची ती मालकाने. महिन्याच्या भाड्याने खोलीत राहणाऱ्याच्या वाट्याला बहुतेक वेळा बोचकं बांधणंच आलं.

आता नोटीस बजावायची कशी ते सांगतो, कारण अपिलाची सगळी मदार त्यावर असते आणि पुस्तकांत हे कोणी लिहीत नाही. कायदा म्हणतो, नोटीस त्या माणसाच्या हाती द्या. तो सापडला नाही तर त्याच्या राहत्या ठिकाणी ठेवा, किंवा घरातल्या सज्ञान पुरुषाच्या किंवा नोकराच्या हाती द्या. बाईच्या हाती दिलेली चालत नाही, हे १८८८ चं डोकं. तेही नाही जमलं तर इमारतीच्या ठळक जागी चिकटवा. म्हणून आमचा शिपाई मैद्याच्या खळीचा डबा आणि एक टकला झालेला ब्रश घेऊन निघायचा. बरोबर मुकादम. चाळीत पोचले की दार बहुधा बंद, किंवा दारात बाई उभी आणि “ते कामावर गेलेत.” मग शेजारचे दोघे पंच म्हणून पकडायचे, तेही आयत्या वेळी पायऱ्या उतरून गायब व्हायचे. शेवटी कागद दारावर फासला जायचा आणि परत आल्यावर मागच्या बाजूला शेरा लिहिला जायचा: ‘सदर इसम जागेवर न आढळल्याने नोटीस दर्शनी भागी चिकटवली.’ तारीख. सही. पंचांच्या सह्या असल्या तर असल्या.

ती तारीख म्हणजे सगळं काही. ३५१ च्या नोटिशीला उत्तर द्यायला कायद्याने किमान सात दिवस दिले आहेत. आता नोटिशीवर तारीख सोमवारची, जावक रजिस्टरात नोंद बुधवारची आणि दारावर चिकटली शुक्रवारी संध्याकाळी, तर सात दिवस कुठून मोजायचे? शुक्रवारी संध्याकाळ हा काही योगायोग नसायचा. शनिवार-रविवार कोर्ट बंद, म्हणजे स्टे मिळायची वाट बंद. एका ऑफिसात, नाव घेत नाही, जावक रजिस्टरातली एक ओळ मुद्दाम कोरी ठेवलेली मी बघितली आहे. नंतर हवी ती तारीख घालायला. तिथल्या हेडक्लार्कला विचारलं तर तो म्हणाला, “वरून आलंय.” वरून म्हणजे कुठून, हे आमच्याकडे विचारायची पद्धत नव्हती.

हे झालं नोटीस मिळणाऱ्यांचं. १३ जुलै १९८१ ला मुख्यमंत्री अंतुले यांनी जाहीर केलं की मुंबईतल्या फुटपाथवर राहणाऱ्यांना सक्तीने हटवून त्यांच्या त्यांच्या मुलखात परत पाठवलं जाईल. कारण असं सांगितलं की या झोपड्या तकलादू आहेत, पावसाळ्यात त्यात माणसाने राहणं अमानुष आहे. म्हणून भर पावसाळ्यात त्या पाडायच्या. तुळशी पाइप रोडवरच्या आणि कामराजनगरच्या झोपडपट्टीवाल्यांनी कोर्ट गाठलं. पत्रकार ओल्गा टेलिस यांनीही अर्ज केला आणि खटला पुढे त्यांच्याच नावाने ओळखला गेला. अर्जदारांचं म्हणणं कोर्टाने नोंदवलं आहे: २३ जुलैला त्यांना राज्य परिवहनाच्या बसमध्ये कोंबून शहराबाहेर काढायला घेतलं. त्यातला एक जण मूळचा तामिळनाडूतल्या सेलमचा. बायको आणि मुलींसकट त्याला तिकडे धाडलं. बायको-मुली तिकडेच राहिल्या आणि तो कामासाठी पुन्हा मुंबईत आला.

ऑफिसात तेव्हा दोन तट होते. एक म्हणायचा, चालायला फुटपाथ उरला नाही, बरं झालं. मीही त्यातलाच. दुसऱ्या तटात बहुतेक सफाई खात्यातले लोक. त्यांना फुटपाथवरची माणसं नावानिशी ठाऊक होती.

सर्वोच्च न्यायालयात पालिकेचा मुद्दा सरळ होता. कायद्यातच ‘नोटीस न देता’ असं लिहिलंय, आणि अतिक्रमण करणाऱ्याला आपण चुकतोय हे ठाऊकच असतं, मग त्याचं ऐकायचं काय? शिवाय या झोपडीवाल्यांनी उच्च न्यायालयात १५ ऑक्टोबर १९८१ पर्यंत झोपड्या हटवू असं लिहून दिलंय. १० जुलै १९८५ ला पाच न्यायाधीशांचा निकाल आला. लिहिला होता सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी. दुसऱ्या दिवशी ते निवृत्त होणार होते. त्यांनी म्हटलं, जगण्याच्या हक्कात रोजीरोटीचा हक्क येतो, आणि मूलभूत हक्क कोणी लिहून देऊन सोडू शकत नाही. ३१४ त्यांनी रद्द केलं नाही. ते असं वाचायचं, असं सांगितलं: आयुक्त नोटीस न देता हटवू ‘शकतात’, हटवलंच पाहिजे असं नाही. नोटीस देणं हा नेम, न देणं हा अपवाद. समोरच्याचं ऐकून घेण्याला, निर्णय बदलो न बदलो, स्वतःचं असं मोल आहे.

कूपरच्या खटल्यात १८६३ मध्ये झालं तेच हे, पण इथे एक गाठ आहे. फुटपाथवाल्यांना आयुक्तांनी सुनावणी दिली नव्हती हे मान्य झालं. मग त्यांना आयुक्तांकडे परत पाठवायला हवं होतं. न्यायालय म्हणालं, त्याची गरज नाही, कारण तिथे नाकारलेली संधी आम्ही इथे भरपूर दिली आहे. आणि ऐकल्यावर आमचं मत असं की फुटपाथ चालण्यासाठीच आहेत, हटवण्याचा निर्णय योग्य होता. एवढंच केलं की पावसाळा जाईपर्यंत, ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, कोणाला हात लावायचा नाही, आणि १९७६ च्या गणनेत ज्यांना ओळखपत्रं मिळाली त्यांना पर्यायी जागा द्यायच्या. कूपर तत्त्वही जिंकला आणि खटलाही. मुंबईचे फुटपाथवाले तत्त्व जिंकले आणि खटला हरले. कायद्याच्या कॉलेजात हा खटला विजय म्हणून शिकवतात. जे बसमध्ये बसले होते त्यांना तो कसा वाटला असेल, हे तिथे शिकवत नाहीत.

त्यानंतर गोष्टी भराभर सरकल्या. १९९६ मध्ये पुण्याच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने बांधकामाच्या नोटिशीला उत्तर द्यायला १५ दिवस ठरवून दिले आणि खुलासा फेटाळायचा तर थोडक्यात का होईना, कारणं लिहा म्हणून सांगितलं. कारणं लिहा म्हटल्यावर आमच्या खात्यात अक्षरशः धांदल उडाली, कारण तोपर्यंत ‘खुलासा समाधानकारक नाही’ एवढा रबरी शिक्का पुरायचा. दुसरीकडे बिल्डर मंडळींनी स्टेचा असा वापर केला की मूळ नोटीस देणारा इंजिनिअर निवृत्त होऊन वारला, तरी बेकायदा मजला उभाच. म्हणून २०१२ मध्ये ५१५अ आलं: ३५१ आणि ३५४अ च्या नोटिशींना दाव्यात आव्हान देता येणार नाही. माझ्या मते हा उपाय चुकला. दारात पाय घालून बसणारे मूठभर होते, पण दार सगळ्यांना लावलं गेलं. मोठा माणूस रिट घेऊन उच्च न्यायालयात जातोच. वाट अडली ती पोटमाळावाल्याची.

फेरीवाल्यांना मात्र उशिराने का होईना, स्वतःचा कायदा मिळाला. २०१४ चा. हटवण्याआधी ३० दिवसांची नोटीस, जप्त मालाची यादी, नाशवंत माल त्याच दिवशी परत, आणि तक्रारीसाठी निवृत्त न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखाली समिती. कागदावर हे इतकं नीट आहे की वाचून भरून येतं. ‘गाडी आली’ ही आरोळी ऐकून पाट्या उचलून पळणाऱ्या भाजीवालीला त्यातलं किती ठाऊक आहे, हा प्रश्न वेगळा. अशा एकीला मी विचारलं तर तिने तिच्या पावत्यांची पिशवी दाखवली. कुठल्या कशाच्या पावत्या ते तिलाही नीट सांगता येईना, पण कागद जपून ठेवायचा हे तिला कळलं होतं.

१३ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने बुलडोझरने घरं पाडण्याच्या प्रकरणात देशभरासाठी नियम घातले. पीठावर न्यायमूर्ती भूषण गवई, अमरावतीचे, आणि न्यायमूर्ती विश्वनाथन. १५ दिवसांची कारणे दाखवा नोटीस, तीही रजिस्टर पोस्टाने आणि शिवाय इमारतीवर चिकटवून. जिल्हाधिकाऱ्यांना त्याच वेळी ईमेल, म्हणजे मागची तारीख घालता येऊ नये. प्रत्यक्ष सुनावणी. आणि अंतिम आदेशानंतरही १५ दिवस थांबायचं, अपिलाची संधी मिळावी म्हणून. तो ईमेलचा मुद्दा वाचला आणि मला त्या रजिस्टरातली कोरी ओळ आठवली. निकाल लिहिणाऱ्यांनी ऑफिसं आतून बघितलेली असावीत.

पण त्याच निकालात आणखी एक वाक्य आहे, आणि वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत ते आलं नाही. हे नियम रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्गालगतची जागा किंवा नदी-जलाशय यांवरच्या अनधिकृत बांधकामांना लागू नाहीत. तुळशी पाइप रोडवर आज पुन्हा कोणी झोपडी बांधली, तर तिला २०२४ चे १५ दिवस मिळणार नाहीत. तिच्यासाठी ३१४ आहे, ‘नोटीस न देता’ हे शब्द त्यात अजून तसेच छापलेले आहेत, आणि ते कसे वाचायचे हे सांगणारा १९८५ चा निकालही अजून लागू आहे. पथक दारात आलं तर तो निकाल दाखवा.